सातव्या गलीचं हिरवं निशाण

भाटवण्याच्या गोल्फच्या मैदानावर नऊ गली आहेत, गल म्हणजे चेंडू घालायचं भोक. आठांवर तांबडं निशाण फडकतं, सातवीवर हिरवं. हिरव्या गवतावर हिरवं निशाण लावणं म्हणजे खेळणाऱ्याची मुद्दाम केलेली फजिती, असं बाहेरून आलेले पाहुणे दर वर्षी म्हणतात. मैदानाच्या समितीकडे दोनदा अर्जही करून झाले. पण ते निशाण बदलायला अजून कुणी धजावलेलं नाही, आणि का नाही ते ऐकायचं असेल तर इथे उंडीच्या झाडाच्या सावलीला बसा. काठ्यांच्या पिशव्या खाली ठेवा. आज मंगळवार आहे, शेवंताकाकू घागर घेऊन येऊन जाईपर्यंत तसंही कुणाला पुढे जाता येणार नाही.

पुण्या-मुंबईकडच्या मैदानांत तळी असतात, कारंजी असतात, झाडं रांगेत उभी केलेली असतात म्हणे. असोत बापडी. इथे कुणी काही केलेलं नाही. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला माडांची आगरं आणि मधे ही वाळूच्या टेकाडांची पट्टी, जी नांगराच्याही उपयोगाची नाही आणि होडीच्याही. जमीन इतकी टणक की चेंडू पडला म्हणजे थांबला असं समजू नये. तो कुठल्या उंचवट्याला अडखळेल आणि कुठे पळेल ते त्यालाच ठाऊक. टेकाडांतले उघड्या वाळूचे खळगे शेळ्यांनी केलेले आहेत. वारा लागू नये म्हणून त्या पिढ्यान्‌पिढ्या एकाच आडोशाला अंग घासून बसल्या आणि तिथलं गवत गेलं. कडेला मर्यादवेल, निवडुंग आणि केवडा. केवड्यात गेलेला चेंडू केवड्याला वाहिला असं म्हणून दुसरा काढावा, कारण आत फुरसं असतं. आणि सगळ्यांवर वारा. जाताना तोंडावर, येताना पाठीवर. नवखे लोक चेंडू उंच मारतात आणि तो समुद्रात पडलेला बघत उभे राहतात. जाणता खेळाडू काठी आखडून धरतो, चेंडू जमिनीलगत सोडतो आणि पुढचं जमिनीवर सोपवतो.

सातवी गल सगळ्यात समुद्राकडे, मर्यादाईच्या खडकाखाली आहे. तिच्याभोवतीची हिरवळ वैशाखात बघा की श्रावणात, तशीच हिरवी. ती समुद्राच्या बाजूला जराशी कललेली आहे आणि उताराच्या तळाशी एक खोल खळगा आहे. एवढा एकच खळगा शेळ्यांनी केलेला नाही. त्याला आवडीची बसकण म्हणतात. त्या हिरवळीवर पाय ठेवताना वहाणा काढाव्या लागत नाहीत, नमस्कारही करावा लागत नाही. फक्त तिचं कौतुक करायचं नाही. "वा, काय सुरेख हिरवळ आहे!" एवढं जरी कुणी बोललं तरी त्याचा चेंडू गलीला वळसा घालून थेट बसकणीत जाऊन बसतो. हसू नका, मागच्या वर्षी एक डॉक्टर असेच हसले होते. त्या खळग्यातून बाहेर यायला त्यांना सहा फटके लागले.

त्याचं असं झालं, असं सांगतात.

साहेबाच्या राज्यात इथल्या बंदरावर मिठाच्या खात्यातला एक गोरा साहेब येऊन राहिला. त्याचं नाव आता कुणाला आठवत नाही. मिठावर नजर ठेवण्यापलीकडे त्याला उद्योग नव्हता आणि संध्याकाळ झाली की त्याला आपल्या मुलखाची आठवण येई. एके दिवशी तो ही टेकाडं चढला आणि वरून पट्टी पाहून लहान मुलासारखा रडला म्हणे. त्याच्या आजोळीही समुद्राकाठी अशीच जमीन होती आणि तिथे हा खेळ चाले. त्यानं ठरवलं, जमिनीला हात लावायचा नाही, जमीन सांगेल तिथे गल करायची. फक्त गलीभोवतीचं गवत मात्र बोटभरही वाढता कामा नये, आणि ते बारा महिने जिवंत पाहिजे. या कामावर त्यानं माडांना शिंपणं घालणारा धाकोजी भाटकर नेमला. धाकोजीच्या हाताला गुण होता. त्यानं काठी रोवली तरी तिला पालवी फुटेल, असं लोक म्हणत.

या धाकोजीची बायको आवडी. अंगानं शेलाटी, कामाला वाघीण, आणि जिभेला हाड नाही. लग्नाला आठ वर्षं झालेली, पदरी एक मुलगा, विठू. नवरा दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता, बाहेर कुठे बघत नव्हता. शेजारणी म्हणत, आवडे, तू भाग्याची. आवडीलाही तसंच वाटे, धाकोजी मैदानावर जायला लागला तोपर्यंत.

आठ गलींभोवतीचं गवत कसंही वाढे. सातवीची हिरवळ मात्र हट्टी निघाली. तिथे वारा खारा, वाळू उघडी. धाकोजीचा जीव तिच्यातच अडकला. तो पहाटे उठे तो तिकडे. बसून, ओणवा होऊन, विळ्याच्या टोकानं एकेक पात कापी, नको ते गवत उपटी. तळहात तिच्यावरून फिरवून बघे की ओल आहे का. आणि पाणी घाली. सगळ्या भाटवण्यात गोडं पाणी एकाच विहिरीला, आणि ती विहीर भाटकरांच्याच परसात, धाकोजीच्या बापानं खणलेली. वैशाखात तिचा तळ दिसे. घागर भरायला पळ मोजत बसावं लागे. अशा दिवसांत धाकोजी कावडीनं अकरा घागरी सातवीला नेई आणि घरात एक ठेवी.

आवडी त्या एका घागरीत स्वयंपाक करी, विठूला न्हाऊ घाली आणि उरलेल्यात स्वतःचं तोंड पुसे. केस धुवायला मिळाले नाहीत की डोकं खाजे, आणि डोकं खाजलं की तिला ती हिरवळ आठवे.

आधी तिनं चेष्टेवारी नेलं. "जा, तुमची वाट बघत असंल ती," असं म्हणून ती भाकरी बांधून देई. धाकोजी हसे आणि जाई. मग चेष्टा संपली. ती गुपचूप मागोमाग जायला लागली. हिरवळीच्या खाली, उताराच्या तळाशी मर्यादवेलीच्या आड ती वाळूत बसे आणि नवऱ्याला बघत राही. तो ओणवा होऊन गवताशी काहीतरी पुटपुटत असे. काय बोले ते वाऱ्यामुळे ऐकू येत नसे. तेच तिला फार लागे. घरी तो बोलत नव्हता असं नाही, मीठ कमी आहे, उद्या बाजार आहे, एवढं बोले. इथे मात्र तो हळू आवाजात, हसत हसत बोलत होता. समोर बाई असती तर आवडीला कळलं असतं. बाईच्या झिंज्या धरता येतात, तिच्या आईबापाचा उद्धार करता येतो. गवताचं काय करणार? ती तिथेच बसून नखांनी वाळू उकरत राही. रोज बसून बसून तिथे खळगा पडला. आज जी बसकण दिसते ती तीच.

कडेलोट झाला तो लुगड्यानं. आवडीच्या भावानं तिला एक लुगडं आणलं, हिरवंगार, काठ नाजूक. आवडी ते नेसली, तिनं केसात केवड्याचं पान माळलं आणि उन्हं कलताना दारात उभी राहिली. धाकोजी आला. उंबऱ्यात थांबला. कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला. आवडीनं पदर सारखा केला.

"आवडे," तो म्हणाला, "अस्साच रंग यायला पायजे बघ तिला. पावसाच्या आधी."

आवडी वळली. आत गेली, लुगडं सोडून घडी केली आणि पेटीच्या तळाला घातलं. दुसऱ्या दिवशी ती मर्यादाईच्या खडकाकडे गेली. ही देवी समुद्राला मर्यादा घालून देणारी, म्हणून तिचं नाव ते. आवडीनं तिला नवस बोलला. "आई, ती सटवी मरू दे. ती मेली की हे लुगडं तुला नेसवीन, एकदाही अंगाला न लावलेलं."

मग स्वतःशीच तिला आठवलं की लुगडं एकदा अंगाला लागलेलं आहे. पण देवी समजून घेईल, असं तिनं धरलं.

देवीच्या भरवशावर बसणारी बाई ती नव्हती. समुद्राचं पाणी शेतात शिरलं की भाताचं काय होतं ते भाटवण्यात पोरासोरांनाही ठाऊक. आवडीनं दुपारची वेळ धरली. सगळं गाव जेवून आडवं झालेलं, साहेब त्याच्या बंगल्यात, धाकोजी आगरात घटकाभर पडलेला. ती घागर घेऊन समुद्रात गुडघाभर जाई, भरून आणी आणि हिरवळीवर रिती करी. एक, दोन, पाच, सात. प्रत्येक घागरीला एक शिवी. मग बसकणीत बसून घाम पुसे आणि घरी जाऊन झोपेचं सोंग घेई.

आठव्या दिवशी हिरवळीवर पिवळे डाग दिसले. आवडीला तो पिवळा रंग सोन्यापेक्षा गोड वाटला. पंधराव्या दिवशी अर्धी हिरवळ जळाली. धाकोजी सैरभैर झाला. त्यानं अकराच्या चौदा घागरी केल्या. घरच्या घागरीतलंही अर्धं पाणी त्यानं नेलं. रात्री ताटावर बसला आणि घास न घेताच हात धुवून उठला. आवडीनं उचललेलं ताट पुन्हा खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. मागच्या भादव्यात ती तापानं फणफणली होती तेव्हा हाच माणूस दोन्ही वेळ पोटभर जेवला होता, हे तिला आठवलं. सवत मरायला टेकली तरी तिची किंमत वाढतच होती. आवडीनं दुसऱ्या दिवसापासून सातच्या बारा घागरी केल्या.

आता पुढचं नीट ऐका, कारण इथेच देवीची करणी आहे असं जुने लोक म्हणतात. काही शिकलेले म्हणतात करणी वगैरे काही नाही, गवताचा स्वभाव तो. महिना उलटला आणि हिरवळ तजेलदार झाली. मेलं होतं ते सगळं आगंतुक गवत, लव्हाळा, आघाडा, केना. धाकोजीनं गोडं पाणी पाजून पाजून त्यांनाच पोसलं होतं. तळाशी दडलेलं जे अस्सल पुळणीचं गवत होतं, ते जन्मापासून समुद्राच्या फवाऱ्यावर जगणारं. त्याला खारं पाणी मिळालं, अंगावरचा भार उतरला आणि ते पसरलं. बारीक पातीचं, दाट, असं हिरवं की साहेब त्यावर पालथा झोपला आणि त्यानं गाल घासला, असं सांगतात.

आवडी बसकणीतून बघत होती. चाळीस दिवस तिनं डोक्यावरून पाणी वाहिलं होतं. मानेला गाठ आली होती, पायांची सालं निघाली होती. तिच्या अंगातलं सगळं बळ त्या सटवीनं पिऊन टाकलं होतं आणि वर ती नटली होती. आवडी रागानं उठली, भरलेली घागर उचलली आणि हिरवळीच्या मधोमध जाऊन उपडी केली. मागे वळली तर धाकोजी उभा.

धाकोजी पुढे आला. वाकला, ओल्या गवतावर बोट टेकवलं आणि जिभेला लावलं. बराच वेळ तो ती चव घोळवत राहिला. आवडीनं डोळे मिटले. आता हा हात उगारणार, आयुष्यात पहिल्यांदा, असं तिला वाटलं, आणि उगारावा असंही वाटलं.

"खारं," धाकोजी म्हणाला. "मला जल्मात सुचलं नसतं. तुला कसं गो सुचलं?"

"सुचलं," आवडी म्हणाली.

त्यानं तिचा हात हातात घेतला. तळहातावरचे फोड बघितले. आठ वर्षांत त्यानं तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. ते दोघं बरोबरीनं घरी आले आणि धाकोजी वाटभर बोलत होता, हळू आवाजात, हसत हसत. आवडी ऐकत होती. तो हिरवळीबद्दल बोलत होता.

त्या दिवसापासून विहिरीच्या बाराही घागरी घरात आल्या. आवडी रोज केस धुवू लागली तरी पाणी उरे. धाकोजी चारचौघांत सांगे, हिरवळ माझी नव्हे, माझ्या कारभारणीची आहे. बायका तिचा हेवा करू लागल्या. आवडीला जे हवं होतं ते सगळं मिळालं आणि त्यातलं काही तिचं नव्हतं. खरं सांगावं तर त्यानं धरलेला हात सुटेल, न सांगावं तर जन्मभर सवतीची दासी. ती गप्प राहिली आणि पाणी घालत राहिली. त्याला खरं कळलं होतं की नाही, यावर गावात अजून दोन तट आहेत. चाळीस दिवसांत एकदाही दुपारी जाग न येणारा माणूस नसतो, असं एक तट म्हणतो.

अशी वर्षं गेली. साहेब गेला, दुसरा आला. विठूचं लग्न झालं. एका फाल्गुनात धाकोजी हिरवळीवर ओणवा झाला तो उठलाच नाही. लोकांनी उचलून आणला तेव्हा त्याच्या मुठीत गवत होतं. आवडीनं ती मूठ स्वतः सोडवली आणि गवत चुलीत टाकलं. त्यानंतर सातवीला पाणी घालायला ती गेली नाही. सुटले, म्हणाली.

दहाव्याला विठूनं समुद्राकाठी पिंड ठेवले. कावळा येईना. आला तो सातवीच्या निशाणाच्या काठीवर बसला आणि तिथून हलेना. विठूनं हात जोडले, आईला अंतर देणार नाही म्हणाला. भावकीनं घराची, आगराची, विहिरीची हमी दिली. सूर्य डोक्यावर आला. तेव्हा दहाव्याला बायका जात नसत, पण शेवटी कुणीतरी जाऊन आवडीला घेऊन आलं. काठीवरचा कावळा तिनं लांबूनच बघितला आणि तिला वाटलं, याला कळलंय. सगळ्या भावकीसमोर ती वाळूत उभी राहिली आणि ओरडली.

"चुकले मी! मारायला घालत व्हते पानी तिला. जगवायला न्हाय. आयकलंव? आता तरी शिवा!"

भावकी थिजली. कावळा जागचा हलला नाही. तिच्या गुन्ह्याशी त्याला काही कर्तव्य नव्हतं. तो मान वाकडी करून खालच्या गवताकडे बघत होता. दहा दिवस पाणी नव्हतं आणि कडा पिवळी पडायला लागली होती.

मग आवडीला कळलं. ती हसायला लागली की रडायला, ते पाहणाऱ्यांना सांगता आलं नाही. मेल्यावरसुद्धा! तिनं दात आवळले.  विठूनं खांद्याला धरलं तेव्हा कुठे ती बोलली.

"घालीन. घालीन पानी तुमच्या त्या सटवीला. मी घालीन, माझी सून घालंल. जावा आता."

शब्द पुरा व्हायच्या आत कावळा उडाला आणि पिंडाला शिवला.

आवडीनं पाणी घालायचं कबूल केलं होतं, गोड बोलायचं नव्हे. ती घरी गेली, घागर घेतली, पेटीच्या तळाचं हिरवं लुगडं काढलं आणि थेट सातवीवर आली. विधवेला आता ते नेसता येणार नव्हतं. देवीला द्यावं तर नवस फळला नव्हता. तिनं त्याचा पदर टरकावला आणि तांबडं निशाण सोडून काठीला बांधला.

"माझ्या अंगावर असताना दिसलं न्हाय तुमाला," ती म्हणाली, "आता बघत बसा हितं."

मग तिनं पाणी ओतलं आणि मनसोक्त शिव्या दिल्या, आडोशाला न बसता, सगळ्या भावकीच्या देखत. त्या दिवशी हिरवळ तरारली म्हणे. पुढे आवडी गेल्यावर तिच्या सुनेनं एकदा शिव्या गाळून, हळदकुंकू वाहून पाणी घातलं होतं. आठवड्यात गवत सुकलं. सुनेनं घाबरून सासूच्या सगळ्या शिव्या आठवून आठवून म्हटल्या, तेव्हा ते परत उठलं.

उठा, टोप्या काढा. शेवंताकाकू आल्या. त्या आवडीच्या नातसुनेची सून. घागर आता स्टीलची आहे, पाणी समुद्राचंच. आजही दर मंगळवारी भाटकरांची सून ते पाणी ओतते आणि "उलथली न्हायस का गो अजून, सटवे?" असं विचारते. आजही सातव्या गलीचं निशाण दर वर्षी भाटकरांच्या घरातल्या एका नव्या कोऱ्या हिरव्या लुगड्याच्या पदरातून काढतात, आणि ते लुगडं आधी सुनेनं एक दिवस नेसायचं असतं, नवऱ्यानं समोर बसून तिच्याकडे नुसतं बघायचं असतं. त्या दिवशी त्यानं मैदानाचं नाव काढायचं नाही. शेवंताकाकूंचे यजमान यंदा अर्धा तास बसले आणि मग त्यांनी विचारलं, वारा कुठला आहे गो आज. काकूंनी त्यांना पुन्हा पहिल्यापासून बसवलं.